कोऱ्या समासाचं प्रकरण

"लिहा भाऊजी. 'सूक्ष्म निरीक्षणाचा महामेरू, तर्कशास्त्राचा तळपता सूर्य, गुन्हेगारांचा कर्दनकाळ, आणि एवढं असूनही स्वभावाने अत्यंत विनम्र असा मी...' लिहिलंत?"

"विनम्रपर्यंत आलोय."

"त्याच्याखाली रेघ मारा."

हा माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. टपाल खात्यात बत्तीस वर्षं होता, पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या विभागात. निवृत्त झाला तोवर त्याच्या हातून एकाही पत्राचा पत्ता लागला नव्हता. यालाच तो अनुभव म्हणतो. निवृत्तीनंतर त्याने एक भिंग विकत घेतलं आणि दारावर 'खाजगी शोधकार्य' अशी पाटी लावली. पहिलं प्रकरण शेजारणीच्या हरवलेल्या मांजराचं. मांजर तिसऱ्या दिवशी आपलं आपण परत आलं. मेहुण्याने ओळख पटवण्यासाठी ते आणखी दोन दिवस ताब्यात ठेवलं, तेवढाच काय तो तपासाचा भाग.

मी त्याचा सहायक. या पदासाठी मी अर्ज केला नव्हता. मी नळदुरुस्तीवाला. चाळीस वर्षं लोकांच्या घरात पाणी कुठून गळतं ते शोधलं. मेहुण्याच्या मते ही खालच्या पातळीची विद्या आहे. आहेच. बहुतेक गळती सिंकच्या खालीच असते.

गेल्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून मेहुणा रोज सकाळी नऊला येतो. मला सोबत म्हणून येतो, असं त्याला वाटतं. त्याला सोबत म्हणून मी दार उघडतो.

आता प्रकरण. बायकोला वाचनाचा नाद होता. लायब्ररीतून ती दर वर्षी एकदा एक जुनी कौटुंबिक कादंबरी आणायची. दर वर्षी तीच. सहाशे बारा पानं, मधूनमधून चित्रं, दर प्रकरणात बेशुद्ध पडणारी नायिका आणि तीनदा मरणारी आत्या.

"एवढी भिकार आहे तर पुन्हा पुन्हा का आणतेस?" मी विचारायचो.

"शिव्या द्यायला काहीतरी हवं ना. एकट्या तुम्हाला किती देणार?"

शिव्या ती पेन्सिलीने द्यायची. समासात, बारीक अक्षरात. आणि मग पुस्तक साळसूदपणे परत करायची. लायब्ररीच्या दारावर अकरा वर्षं एक पाटी लटकते आहे: 'पुस्तकात पेन्सिलीने लिहिणाऱ्या सभासदाचा शोध चालू आहे.' ती वाचून बायको म्हणायची, "चालू दे."

शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली, "कादंबरी वाचू नका, डोकं फिरेल. कडेचं तेवढं वाचा. बरंच लिहून ठेवलंय मी."

मी म्हटलं, वाचतो. आम्ही नळवाले "येतो" म्हणतो, त्यातलं ते वाचतो.

दहा महिन्यांनी गेलो. कादंबरी आणली, घरी येऊन खुर्चीत नीट बसलो, चष्मा पुसला आणि उघडली. समास कोरे. सहाशे बारा पानं चाळली. नायिका बेशुद्ध पडत होती, आत्या मरत होती, आणि माझ्या बायकोचं एक अक्षर कुठे नव्हतं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण नऊ वाजले, मेहुणा आला, आणि मी सांगून बसलो.

त्याने भिंग काढलं. पाऊण तास पुस्तक न्याहाळलं. पहिली दहा मिनिटं उलटं धरून.

"बनावट!" तो म्हणाला. "पाहा भाऊजी. लायब्ररीचा शिक्का कोणत्या रंगाचा असतो? जांभळ्या. हा काळा आहे. आता हा डाग पाहा. चहाचा. चहाचा रंग कोणता?"

"तू करतोस तेव्हा सांगता येत नाही."

"तपकिरी! हा डागही काळा. बोट फिरवा. लागतोय हाताला? नाही. छापलाय! आणि हे पाहा, पान दोनशे चार. चिरडलेला डास. छापील डास!" त्याने भिंग खाली ठेवलं. "आयुष्यात पहिल्यांदा माझी गाठ एका कलावंताशी पडली आहे."

"पण ज्याने डाससुद्धा सोडला नाही, तो पेन्सिल कशी विसरेल?"

"विसरला नाही. वगळली." मेहुण्याने भिंग पुन्हा उचललं. "म्हणजे हे सगळं ताईच्या अक्षरासाठीच झालंय. काय लिहिलं होतं तिने?"

"एकदा एक मला वाचून दाखवलं होतं. नायिका बेशुद्ध पडते तिथे लिहिलं होतं, 'पुन्हा पडली. हिला घरात कोणी जेवायला घालत नाही का?'"

"सांकेतिक," मेहुणा म्हणाला.

मी एकच अट घातली. लायब्ररीत ताईचं नाव काढायचं नाही. ती गेल्यावर तिला पुस्तकं खराब करणारी म्हणून कोणी बोट दाखवायला नको होतं मला. मेहुण्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. त्याच्या शपथेने मला धीर आला, यावरून माझी तेव्हाची अवस्था ओळखा.

मेहुणा लायब्ररीत वेषांतर करून आला. म्हणजे खऱ्या मिशीवर खोटी मिशी. ग्रंथपालबाई दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "या भिंगवाले. मिशी डावीकडून सुटतेय."

मेहुणा कपाटांच्या रांगांमध्ये शिरला. मी बाईंच्या समोरच्या बाकावर बसलो. त्यांच्या डाव्या हाताला जुन्या पुस्तकांची चळत होती. एक पुस्तक घ्यायच्या, मधलं पान उघडायच्या, पानाचा कोपरा पुढे दुमडायच्या, मागे दुमडायच्या. एक, दोन, तीन. कोपरा तुटला की बशीत टाकायच्या, वहीत फुली मारायच्या आणि पुस्तक उजवीकडे ठेवायच्या. कोपरा टिकला तर पुस्तक पुन्हा डावीकडे, मागच्या खणात. शांतपणे चाललं होतं. पाण्याचा दाब तपासताना मी कॉक उघडतो-बंद करतो, तसंच काहीसं ते दिसत होतं. मी विचारणार होतो, एवढ्यात मेहुणा धापा टाकत आला.

"बाई! तुमच्या लायब्ररीत कोणीतरी पुस्तकांचे कोपरे तोडतंय!"

"हो," बाई म्हणाल्या. एक, दोन, तीन. टक्.

"मागच्या खोलीच्या दाराशी रचलेली सतरा पुस्तकं मी पाहिली. सगळ्यांचा मधल्याच पानाचा कोपरा गायब. कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून." एक, दोन. टक्.

"संशय कोणावर?"

"संशय कसला त्यात?" बाईंनी फुली मारली.

मेहुण्याने मला दंडाला धरून बाजूला नेलं. "बाई काहीतरी लपवताहेत. त्यांचे हात पाहिलेत? सारखा चाळा चाललाय. अपराधी मनाचं लक्षण."

"अरे, त्या कोपरेच..."

"भाऊजी, तपासात सहायकाने बोलायचं नसतं."

मी बोललो नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांनी मला पाइप कसा बसवावा हे शिकवलंय. गप्प राहण्याची सवय आहे.

दुपारपर्यंत सिद्धांतांचा ढीग पडला. आधी उंदीर. पण उंदीर इतका काटकोनात खात नाही, म्हणून मग भूमितीची आवड असलेला उंदीर. मग कोपऱ्यांचा संग्राहक. मग, सर्वांत वरचढ, नकाशा: प्रत्येक कोपऱ्यावर गुप्त नकाशाचा एकेक तुकडा असून टोळी तो जमवते आहे, आणि हे ताईला कळलं होतं. बाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा त्याने बशीतले मूठभर कोपरे पळवले आणि वाचनकक्षातल्या टेबलावर जुळवायला बसला. सगळे त्रिकोण. अर्ध्या तासाने दोन जुळले. चौकोन झाला.

"शेत!" मेहुणा कुजबुजला.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडून एक बाई बाहेर आली. मनगटापर्यंत हात काळे, कपाळावर काळा फराटा, काखेत सुट्या पानांचा गठ्ठा. गठ्ठा ग्रंथपालबाईंपुढे ठेवून आणि उजवीकडची चार पुस्तकं उचलून ती पुन्हा आत गेली.

"काळे हात," मेहुणा म्हणाला, आणि त्या दाराला पाठ लावून पहाऱ्यावर उभा राहिला. सगळी लायब्ररी त्याच्याकडे बघत होती; तो म्हणाला, मी दिसता कामा नये.

दारावर एक कागद चिकटवलेला होता. मेहुण्याच्या दोन्ही खांद्यांबाहेर त्याच्या कडा दिसत होत्या.

"बाजूला हो जरा," मी म्हटलं.

"पाळत ठेवतोय मी."

"सूचनेवर पाठ ठेवतोयस. हो बाजूला."

कागदावर टायपात लिहिलं होतं: 'ठिसूळ झालेल्या पुस्तकांच्या टिकाऊ कागदावर झेरॉक्स प्रती काढण्याचे काम चालू आहे. बांधणी केलेली प्रत कपाटात ठेवण्यात येईल. मूळ पुस्तके दर शुक्रवारी रद्दीत जातील.'

मेहुण्याने ती सूचना भिंगातून दोनदा वाचली. "हे मला केव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला कळतंय का, ते बघत होतो."

मी दार ढकललं.

आत एक मोठं झेरॉक्स मशीन, कागदाची रिमं, एक कापायचं यंत्र आणि ती काळ्या हातांची बाई. झेरॉक्सवाली. तिने काम न थांबवता सगळं सांगितलं, जणू रोज कोणीतरी दोन मिशा लावून विचारायला येतं. जुना कागद आपोआप जळत जातो. कोपरा तीनदा दुमडून तुटला की पुस्तक तिच्याकडे. ती कणा कापते, पानं सुटी करते, एकेक काचेवर ठेवते. "पान पिवळं असतं ना, म्हणून मशीन फिकट ठेवावं लागतं. नाहीतर सगळंच काळपट येतं. फिकट ठेवलं की शाई येते, डाग येतात. पेन्सिल उडते."

"आणि मूळ पुस्तक?" मी विचारलं.

"शुक्रवारी रद्दीवाला येतो."

मी आणलेली प्रत महिन्यापूर्वीची होती, आत तारीख होती. चार शुक्रवार. मी एका रिमावर बसलो. दहा महिने मी "वाचतो" म्हणत होतो, आणि त्यातले नऊ महिने ते पुस्तक इथे कपाटात उभं होतं. गळती सापडली होती. माझ्यातच होती.

"कोणतं पुस्तक म्हणालात?" झेरॉक्सवालीने विचारलं.

मी कादंबरीचं नाव सांगितलं. तिने हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं, मेहुण्याच्या मिशांकडे पाहिलं, उठून दार लोटलं.

"पेन्सिलवालीचं?"

मी मान हलवली. तिने मशीनच्या मागून एक खोका ओढला. आत सुतळीने बांधलेली पिवळी पानं होती.

"हे नाही दिलं मी रद्दीत. जेवताना वाचते, रोज पंधरा-वीस पानं. चारशे दहापर्यंत आलेय. हे बघा, आत्या तिसऱ्यांदा मरते ना, तिथे लिहिलंय, 'या वेळी नक्की का?'" आणि ती हसायला लागली. काळ्या हाताने तोंड झाकलं, तर नाकही काळं झालं. "बाईमाणसाचंच अक्षर आहे. पुरुषाला एवढं दिसत नाही. आणि ते खिडकीचं, कुठे बरं... नायक चार पानं खिडकीत उभा राहून झुरतो. हिने लिहिलंय, 'दार समोर आहे.'"

दहा महिन्यांत माझ्यासमोर तिच्या कशावर कोणी हसलं नव्हतं. तिचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणतात, मान तिरकी करतात, माझ्या खांद्यावर हात ठेवतात. आणि इथे ही ओळख ना पाळख, नाक काळं करून हसत होती. मलाही हसू आलं. जरा विचित्र आवाजात आलं, पण आलं.

आवाज ऐकून ग्रंथपालबाई आत आल्या. खोक्याकडे पाहिलं. समासाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अकरा वर्षांच्या पाटीसारखा झाला.

मेहुणा आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघत होता तो आला होता. त्याने छाती पुढे काढली. "बाई! जे तुम्हाला अकरा वर्षांत जमलं नाही ते मी एका दिवसात करून दाखवलंय. ही पेन्सिलवाली म्हणजे दुसरीतिसरी कोणी नसून माझी सख्खी बहीण!"

त्याच्या कारकिर्दीतला हा एकमेव अचूक निष्कर्ष. तोही मी त्याला सकाळी सांगितलेला.

"उद्या अकरा वाजता त्यांना माझ्यापुढे हजर करा," बाई म्हणाल्या.

मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं. वरची मिशी गळून खोक्यात पडली.

"तिला येता यायचं नाही," मी म्हटलं. "तिचं सभासदत्व गेल्या वर्षीच रद्द झालंय. फॉर्म मी भरला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलंय. शिक्का तुमचाच आहे."

वेळ घालवायला म्हणून असेल, बाईंनी वरचं एक पान उचललं. चित्राचं पान होतं. नायकाचं चित्र, आणि त्याच्या बरोबर तोंडावर लायब्ररीचा जांभळा शिक्का. बाजूला पेन्सिलीने: 'आमच्या बाई शिक्का मारतात, पण माणूस बघून मारतात.'

बाईंनी ते पान बराच वेळ वाचलं. एवढी छोटी ओळ इतका वेळ वाचणारं माणूस मी पाहिलं नाही. मग त्या बाहेर गेल्या आणि एक फाइल घेऊन परत आल्या.

"नियम सात," त्या झेरॉक्सवालीला म्हणाल्या. "प्रत मूळ पुस्तकाबरहुकूम असली पाहिजे. आपली प्रत तशी आहे?"

"नाही बाई, पेन्सिल..."

"काय ते मी विचारलं नाही. मुळात आहे आणि प्रतीत नाही, असं काही आहे?"

"आहे."

"म्हणजे काम अपुरं आहे. पुन्हा काढा. गडद." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पुस्तकात लिहिणं हा गुन्हा आहे."

"हो."

"पण प्रतीत कोणी काही लिहिलेलं नसेल. छापलेलं असेल. छापलेल्याला माझी हरकत नसते."

दोन दुपारी लागल्या. मी दोन्ही तळव्यांवर पान धरून काचेवर ठेवायचो, झेरॉक्सवाली बटण दाबायची. काचेवर जाताना पान असायचं, उतरताना पापुद्रे. आणखी एकदाच जमणार होतं हे. पुस्तक स्वतःला मोडून घेऊन आपली प्रत देत होतं. मेहुण्याला पंखा बंद ठेवायचं काम दिलं होतं. दोन दिवस तो बटणाशेजारी उभा राहिला. पंखा लावायला कोणी आलंच नाही, याचं श्रेय तो स्वतःकडे घेतो.

"वाचत थांबू नका हो," झेरॉक्सवाली मला सांगायची. "हातात तुटेल."

मी थांबत नव्हतो. पण काही ओळी डोळ्यांत घुसायच्याच. एका पानावर सहा ओळी नायकाच्या रुबाबाचं वर्णन होतं, रुंद खांदे, गहिरे डोळे वगैरे. बाजूला लिहिलं होतं, 'आणि नळ गळला तर? आमच्याकडचा बरा.'

त्यानंतरचं पान मी काचेवर उलटं ठेवलं. झेरॉक्सवालीने मुकाट्याने सुलटं करून घेतलं.

पाचशेच्या पुढे कादंबरीत एक मामा येतो, सगळ्यात नाक खुपसणारा. तिथे लिहिलं होतं, 'हा म्हणजे आमचा धाकटा. बघतो सगळं, दिसत काही नाही. पण औषध आणायला हाच पळतो.' मी मेहुण्याला हाक मारली. पंखा सोडून तो आला. भिंग डोळ्याला लावून उभा राहिला. चांगली पाच मिनिटं. अक्षर एवढं बारीक नव्हतं.

घरी जाताना तो म्हणाला, "प्रकरण मिटलं, भाऊजी. गुन्हेगार सापडला."

"कोण?"

"काळ!"

"मग अटक?"

"फरार आहे," मेहुणा म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं.

नवी प्रत बांधून कपाटात आली आणि सहाशे बारा पानांच्या त्या भिकार कादंबरीला एकदम मागणी आली. झेरॉक्सवालीच्या पोटात काही राहत नाही. ग्रंथपालबाईंनी प्रतीक्षायादी लावली. मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "तुमचा नंबर नववा. नियम सगळ्यांना सारखा."

झेरॉक्सवालीने मला बाजूला घेतलं. "प्रतीवरून प्रत काढून देते तुम्हाला. कोणाला कळायचं नाही."

मी नको म्हटलं. बायकोला हवं असतं तर तिने हे घरच्या वहीत लिहिलं असतं. ती लायब्ररीच्याच पुस्तकात लिहीत राहिली. कोणीतरी वाचावं म्हणूनच ना? आणि ती हसणारी माणसं मला बघायची होती. घरी एकट्याने वाचायला मला आता कितीही वेळ आहे.

म्हणून मी रोज दुपारी वाचनकक्षात जाऊन बसतो. सध्या पुस्तक एका निवृत्त हेडमास्तरांकडे आहे. यांना हसताना त्यांच्या घरच्यांनीही पाहिलेलं नाही, असं म्हणतात. काल ते कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते, ताठ, कपाळाला आठ्या. एक पान उलटलं. थांबले. मान कडेला वळली. आठ्या हलल्या, मिशी हलली, आणि मग नाकातून मोठ्ठा फुस्सकन आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ नेली. हळूच विचारलं, "कितवं पान?"

"नंबर आला की कळेल," हेडमास्तर म्हणाले, आणि पान माझ्यापासून हाताने झाकून पुन्हा हसायला लागले.